जीपला दुसरी ट्रान्सफर केस: आधी टेप, मग पाना

आमच्या जीपला दुसरी ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समागचा गिअरचा डबा) बसवायला घेतली, त्या पहिल्या शनिवारी एकही बोल्ट सैल केला नाही. कुर्ल्याच्या गॅरेजात खड्ड्यावर गाडी उभी केली, उस्तादांनी चहा मागवला आणि मी संध्याकाळपर्यंत टेप, ओळंबा आणि कोन मोजायचं गेज घेऊन गाडीखाली होतो. गॅरेजमधली पोरं हसत होती. पुढच्या सहा शनिवारांत जे सुरळीत झालं ते त्या मापांमुळे, आणि जे फसलं ते राहून गेलेल्या दोन मापांमुळे. त्या दोन्हींबद्दल पुढे येईलच.

हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये करू नका. मी एकदा नुसतं गिअर ऑइल बदललं होतं, तरी सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर माझ्या फ्लॅटचा नंबर लावला होता. खड्डा, चेन ब्लॉक आणि दोन महिने गाडी ठेवायला जागा असलेलं गॅरेज आधी शोधा.

तुम्हाला हे हवंय का?

ट्रान्सफर केस दोन कामं करते. गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलला वाटते, आणि ‘लो’ टाकला की तीच ताकद वाढवून वेग घटवते. दुसरी केस जोडताना आपल्याला फक्त हे दुसरं काम हवं असतं. म्हणून पुढच्या केसचा केवळ रिडक्शनचा (वेग घटवणारा) भाग ठेवतात, वाटपाचा भाग काढून टाकतात आणि त्याच्यामागे पूर्ण केस जोडतात.

फायदा आहे तो वेग कमी होण्याचा. ताकद त्याच्याबरोबर न मागता येते, आणि पुढची बहुतेक मोडतोड त्या ताकदीनेच होते. कर्जत-बदलापूरकडच्या सुकलेल्या नाल्यांत, जिथे डोक्याएवढे गोटे एकमेकांवर पडलेले असतात, तिथे क्लच न दाबता, ब्रेक न लावता गाडी मुंगीसारखी चढवायची असेल तर ही गोष्ट सोन्यासारखी आहे. पण तुमचं ऑफ-रोडिंग म्हणजे जुलै-ऑगस्टमधला चिखल असेल, तर पैसे वाचवा. चिखलात टायर जोरात फिरून स्वतःच्या खाचा साफ करत राहावा लागतो, आणि डबल लोमध्ये (दोन्ही केस ‘लो’त असताना) तो तेवढ्या जोरात फिरणारच नाही. तिथे चांगले टायर आणि डिफरन्शियल लॉक जास्त उपयोगी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाल्यांनाही याची गरज फारशी पडत नाही, कारण टॉर्क कन्व्हर्टर हळू चालण्याचं बरंचसं काम करून देतो.

कायद्याचं एकदाच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. काम सुरू करण्यापूर्वी तुमच्या आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारा. फक्त खासगी जागेत आणि स्पर्धेत चालवायच्या गाडीचा हिशेब वेगळा, पण मग ती गाडी ट्रेलरवरूनच न्यायची.

गणित

पहिल्या गिअरचं प्रमाण, ट्रान्सफरच्या लोचं प्रमाण आणि अ‍ॅक्सलचं प्रमाण यांचा गुणाकार म्हणजे क्रॉल रेशो. १९४९ मध्ये माझगावला ज्यांची जुळणी सुरू झाली त्या विलीज जीपच्या घराण्यातली सीजे-३बी घ्या. पहिला गिअर २.७९८, लो २.४६, अ‍ॅक्सल ५.३८. गुणाकार ३७ च्या आसपास येतो. पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या गाडीला हा आकडा वाईट नाही.

आता सोयीसाठी आकडे धरू: पहिला गिअर ४, लो २.२८, अ‍ॅक्सल ४.८८. एका केसवर ४४.५. त्याच जातीची दुसरी केस लावली की २.२८ गुणिले २.२८ म्हणजे ५.२, आणि एकूण आकडा १०१ च्या पुढे जातो. ३० इंची टायर आणि ८०० आरपीएमचं आयडलिंग असेल तर एका लोमध्ये गाडी ताशी २.६ किलोमीटरने जाईल, दोन्ही लोमध्ये १.१ ने. देवळात प्रदक्षिणा घालणारी आजी पुढे निघून जाईल.

दोन्ही केसचे आकडे सारखे असले की तीनच प्रमाणं मिळतात: १, २.२८ आणि ५.२. मागच्या केसमध्ये ४.७ चा गिअरसेट टाकला तर चार मिळतात: १, २.२८, ४.७ आणि १०.७. शेवटचं प्रमाण ऐकायला भारी वाटतं, पण रोजच्या नाल्यासाठी ते फार खाली आहे. आमच्या उस्तादांचं मत, आधी ५.२ वर वर्षभर चालवून बघा. मला ते पटलं.

दुसरा हिशेब कागदावर करून गॅरेजच्या भिंतीवर चिकटवा. इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) १२० न्यूटन-मीटर धरला, तर आधी केसमधून बाहेर येणारा टॉर्क १२० गुणिले ४ गुणिले २.२८, म्हणजे सुमारे १,०९५. आता तो होतो सुमारे २,५००. प्रॉपशाफ्ट (केसपासून अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा), त्याच्या टोकांचे जॉइंट क्रॉस, पिनियन (अ‍ॅक्सलमध्ये ती ताकद घेणारा गिअर) आणि अ‍ॅक्सलचे रॉड तेच जुने आहेत. टायर घसरला तर सुटलात. टायर दगडात अडकला आणि तुम्ही पाय दाबलात, तर त्या साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा तुटणार.

कुठल्या केस जुळतात

तीन गोष्टी बघा. केस गिअरवर चालणारी असावी, तिचा रिडक्शनचा भाग वेगळा निघावा, आणि ‘हाय’मध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या नेहमीच्या जागी, प्रमाण १:१ असावं. टोयोटाच्या १९७९ ते १९९५ च्या चार सिलिंडरच्या, चार चाकी ड्राइव्हच्या पिकअपमधली गिअरची केस या तिन्हींत बसते, म्हणून जगभर लोक तीच वापरतात. अमेरिकेत जुन्या ट्रकवाल्यांची दुसरी जोडी आहे: एनपी-२०३ चा रिडक्शन भाग आणि त्यामागे एनपी-२०५. दोन्हींचं लो जवळपास २, म्हणून एकत्र सुमारे ४.

जिप्सीवाले हमखास विचारतात, आमच्या गाडीत तर केस गिअरबॉक्सपासून सुटीच असते, मग अजून एक मागे लावायला काय हरकत? हरकत अशी की १.३ लिटरच्या जिप्सीत हायचं प्रमाणच १.४०९ आहे. दोन लावल्या तर हायमध्येही जवळपास २ होईल, आणि सायन-पनवेल महामार्गावर इंजिन किंचाळत राहील. जिप्सीत एकाच केसमधला गिअरसेट बदलून लो खाली आणणं सरळ पडतं.

केस विकत घेताना पुढच्या प्रॉपशाफ्टचं तोंड कुठल्या बाजूला येतं ते बघा. तुमच्या पुढच्या अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा फुगवटा ज्या बाजूला आहे, त्याच बाजूला ते हवं. उलट निघालं तर सगळं मुसळ केरात.

मापं

गाडी सपाट जागेवर, टाकी अर्धी, टायरमध्ये नेहमीची हवा. मग घ्या: गिअरबॉक्सच्या शेवटच्या फेसपासून मागच्या पिनियनच्या यॉकपर्यंतचं (प्रॉपशाफ्ट जिथे जोडतात त्या काट्यापर्यंतचं) अंतर, केसच्या तोंडाचा आणि पिनियनचा कोन, क्रॉसमेंबर (गिअरबॉक्स पेलणारी चेसिसची आडवी पट्टी) किती मागे सरकवता येईल, सायलेन्सर आणि डिझेलची टाकी कुठे आहे, आणि फ्लोअर किती वर आहे. रिडक्शनचा भाग आणि अ‍ॅडॉप्टर (दोन भाग जोडणारी मधली प्लेट) मिळून सहा ते सात इंच वाढतात. तेवढा मागचा प्रॉपशाफ्ट आखूड होतो. सीजे-३बीसारख्या ८० इंची व्हीलबेसमध्ये हे सहा इंच फार महाग पडतात.

आता राहून गेलेली दोन मापं. एक, मागचं चाक पूर्ण लटकलेलं असताना पिनियन ते केस हे अंतर. दोन, केस फिरवून बसवल्यावर पुढचा प्रॉपशाफ्ट सायलेन्सरच्या किती जवळ येतो. दोन्हींची किंमत नंतर मोजली.

अ‍ॅडॉप्टर: सगळी मेख इथे

जीपसाठी दोन अ‍ॅडॉप्टर लागतात. पहिलं गिअरबॉक्स आणि रिडक्शन भाग यांच्यामध्ये, दुसरं रिडक्शन भाग आणि मागची केस यांच्यामध्ये. माझा सल्ला असा की दुसरं तयार किटमधून घ्या. त्यात प्लेट, जोडणारा शाफ्ट, सील, सगळं एकमेकांशी जुळलेलं येतं. पहिलं मात्र तुमच्या गिअरबॉक्सप्रमाणे इथेच बनवून घ्यावं लागेल.

त्यासाठी मुंबईइतकी सोयीची जागा नाही. जाड प्लेट दारूखान्यात किंवा गुलालवाडीत मिळते, बेअरिंग, सील आणि बोल्ट नागदेवी स्ट्रीटला, आणि लेथ, मिलिंग, वायरकट करणारे साकीनाक्याच्या गल्ल्यांत चार-चार पावलांवर. पण लेथवाल्याला नमुना हातात देऊन ‘असंच बनवा दादा’ म्हणू नका. चित्र काढून द्या, आणि त्यावर लिहा की मधलं बोअर (भोक) आणि दोन्ही बाजूंचे रजिस्टर (नेमक्या बसणाऱ्या कडा) एकाच सेटिंगमध्ये कापायचे. जॉब उलटा करून परत चकमध्ये धरला की केंद्र हललंच म्हणून समजा.

जोडणारा शाफ्ट माइल्ड स्टीलचा चालणार नाही. ईएन-२४ घ्या आणि हीट ट्रीटमेंट करा. आतल्या बाजूचे स्प्लाइन (लांब दाते) वायरकटवर नेमके निघतात, आणि तेही हीट ट्रीटमेंटनंतर कापले की वाकण्याची भीती राहत नाही. बोल्टवर केंद्र सोडू नका. बोल्ट फक्त आवळतो, जागा डोवेल पिनच धरते. प्रत्येक जोडाला दोन डोवेल.

प्लेट हातात आली की गिअरबॉक्सवर बसवून डायल गेज लावा. गेजचा चुंबक गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टवर, सुई प्लेटच्या बोअरवर, आणि शाफ्ट हाताने पूर्ण फिरवा. सुईचा एकूण फरक ०.१ मिलिमीटरच्या आत हवा. आमचा पहिल्यांदा ०.२२ आला. लेथवाल्या दादांनी ‘एवढं चालतं’ म्हणून हात झटकले. उस्तादांनी एकही शब्द न बोलता प्लेट परत त्यांच्या टेबलावर ठेवली आणि पुढच्या चहाची ऑर्डर दिली. तिसऱ्या खेपेला ०.०६ वर आलो. ०.२२ वर गाडी चालली असती, पण काही महिन्यांत सील गळायला लागलं असतं आणि मग बेअरिंग गेलं असतं.

काढणं आणि बसवणं

बॅटरीचं टर्मिनल काढा. चाकांना दगड लावा, चेसिस चांगल्या घोड्यांवर (स्टँडवर) घ्या. जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. ऑइल काढा, दोन्ही प्रॉपशाफ्ट उतरवा, पण आधी यॉकवर पंचने खूण करा. लिव्हर आणि स्पीडोमीटरची केबल सोडवा. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला खालून लाकडाचा ठोकळा आणि जॅक द्या, मगच क्रॉसमेंबर काढा. केस उतरवायला चेन ब्लॉक वापरा. लोखंडी केस छातीवर घेऊन काढणारे बहाद्दर मी पाहिले आहेत, त्यांची कंबरही पाहिली आहे.

नवीन जोडणी आधी टेबलावर कोरडी करा, सीलंटशिवाय. बोल्ट हाताने लावा, इनपुट हाताने फिरवा. हाय-हाय, लो-हाय, हाय-लो, लो-लो, प्रत्येक जागी दहा-दहा फेरे. कुठे जड गेलं तर तिथेच थांबा. बोल्ट आवळून ते जाणार नाही. शाफ्टचा पुढे-मागे खेळ गेजने मोजून शिम (पातळ चकत्या) टाका. सगळं मोकळं फिरलं की उघडा, धुवा, नवीन सील टाका, सीलंटचा पातळ थर द्या आणि बोल्टांना थ्रेड लॉकर लावून टॉर्क रेंचने आवळा. एम-१० च्या ८.८ ग्रेड बोल्टला लोखंडात साधारण ४५ न्यूटन-मीटर. अ‍ॅल्युमिनियममध्ये आटे असतील तर त्याहून कमी.

केस उभी राहील की आडवी, हे अ‍ॅडॉप्टरच्या छिद्रांवर ठरतं. आडवी फिरवली की पोटाखाली जागा वाढते. आम्हीही तेच केलं, आणि पुढचा प्रॉपशाफ्ट सायलेन्सरपासून बोटभर अंतरावर आला. शेवटी सायलेन्सर कापून वळवावा लागला. हेच ते दुसरं माप.

प्रॉपशाफ्ट

अ‍ॅडॉप्टर जमलं की लोक सुस्कारा सोडतात आणि प्रॉपशाफ्ट ‘कापून जोडून’ घेतात. तिथेच घोळ होतो. समजा तुमचा मागचा शाफ्ट ६०० मिलिमीटरचा होता आणि केस ते पिनियन उतार १५० मिलिमीटर. कोन साडेचौदा अंश. केस १६५ मिलिमीटर मागे गेली की उतार तोच राहतो, पण कोन २० अंशांच्या जवळ जातो. साधा जॉइंट क्रॉस एवढ्या कोनात थरथरतो, गरम होतो आणि लवकर जातो.

म्हणून केसच्या बाजूला डबल कार्डन जॉइंट (दोन जॉइंट क्रॉस एकत्र असलेला) लावा आणि पिनियनचं तोंड वर करून शाफ्टच्या रेषेत आणा. चालवताना पिनियन थोडा वर उचलला जातो, म्हणून उभ्या गाडीत तो रेषेपेक्षा एक-दोन अंश खाली ठेवा. पाट्याच्या स्प्रिंगवर हे पोलादी पाचरीने होतं. अ‍ॅल्युमिनियमची पाचर नको, ती चुरगळते. दोन साधे जॉइंट ठेवायचे असतील तर नियम वेगळा: केसचं तोंड आणि पिनियन एकमेकांना समांतर, आणि दोन्ही टोकांचे यॉक एका रेषेत.

लांबी काढताना गाडी स्वतःच्या वजनावर उभी करा. स्लिप जॉइंटला (प्रॉपशाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या सरकत्या जोडाला) आत जायला किमान २५ मिलिमीटर जागा ठेवा. मग शॉक अ‍ॅब्झॉर्बर सोडवून मागचं एकेक चाक पूर्ण लटकवा आणि स्प्लाइन निम्म्याहून जास्त आत आहे ना ते बघा. आम्ही हे बघितलं नाही. कर्जतजवळ पहिल्याच नाल्यात डावं मागचं चाक हवेत गेलं आणि स्लिप जॉइंट म्यानातून तलवार यावी तसा सुटला. शाफ्टचे दोन्ही भाग उतरवून, पुढचे हब लॉक करून, नुसत्या पुढच्या चाकांवर रस्त्यापर्यंत आलो. बायकोने फोनवर विचारलं, ‘नवीन पार्ट कसा चाललाय?’ काय सांगणार!

नवा शाफ्ट बॅलन्सिंग करूनच घ्या. आखूड आहे म्हणून सोडू नका.

माउंट, लिव्हर, हँडब्रेक, ऑइल

वाढलेलं वजन एकट्या गिअरबॉक्सच्या शेपटीवर टांगू नका. नवा क्रॉसमेंबर मागच्या केसच्या बरोबर खाली, रबर बुशसह. आणि एक टॉर्क आर्म, केसपासून चेसिसपर्यंत. बाहेर २,५०० न्यूटन-मीटर जातात तेव्हा केस तेवढ्याच जोराने उलट्या दिशेला फिरू पाहते. आर्म नसेल तर तो पिळ गिअरबॉक्सच्या अ‍ॅल्युमिनियमला बसतो, आणि त्याला तडा जातो. इंजिनाची रबरंही त्याच वेळी बदला. चेसिसला वेल्डिंग करताना टाकी आणि ब्रेकच्या नळ्या लांब ठेवा.

लिव्हर वाढतो. पुढच्या रिडक्शनला हाय-न्यूट्रल-लो, मागच्याला पूर्वीचाच. इथे एक धोका लोकांना उशिरा कळतो. दोनपैकी कुठलाही लिव्हर न्यूट्रलमध्ये असेल, तर गाडी गिअरमध्ये ठेवूनही उतारावर घसरते. जुन्या जीपना आणि सुरुवातीच्या जिप्सींना हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर असतो. केस बदलली की तो ब्रेकही गेला. त्याची सोय झाल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढायची नाही. गाडी लावताना दगड लावायची सवयही ठेवा.

ऑइल ८०डब्ल्यू-९०. पुढच्या भागाची आणि मागच्या केसची पातळी वेगवेगळी तपासा, एकीत भरलेलं दुसरीत पोचेलच असं नाही. आणि दोन्हींचे ब्रीदर (हवेची छिद्रं) रबरी नळीने बॉनेटखाली, जितकं वर नेता येईल तितकं वर न्या. गरम केस थंड पाण्यात गेली की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा किती गाड्यांच्या गिअर ऑइलची लस्सी झाली हे कुर्ल्यातल्या कुठल्याही जुन्या मेकॅनिकला विचारा.

पहिली फेरी

चारही चाकं हवेत, चेसिस घोड्यांवर, खाली कोणी नाही. इंजिन आयडलला, प्रत्येक जोडीत दोन-दोन मिनिटं. गिअरच्या दातांची हलकी शीळ चालते, टकटक चालत नाही. थांबवून केसला हात लावा: कोमट ठीक, हात टिकत नसेल तर उघडा. मग जमिनीवर, गॅरेजच्या गल्लीत, आधी हाय-हाय.

दोन्ही लो टाकून टू-व्हील ड्राइव्हमध्ये पाय दाबायचा मोह होतो, कारण अरुंद जागेत गाडी सुंदर वळते. वळवा, पण नुसत्या आयडलवर. सगळा टॉर्क एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर जात असतो. आणि लो टाकताना गाडी पूर्ण थांबवा, या केसना सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर जुळवून घेणारा भाग) नसतो.

२०० किलोमीटरनंतर ऑइल काढा आणि चुंबकाने ढवळून बघा. बारीक काळी पूड नेहमीची, चमकणारे तुकडे मात्र नेहमीचे नाहीत. सगळे बोल्ट पुन्हा तपासा, विशेषतः टॉर्क आर्मचे. आमच्या पहिल्या ऑइलमध्ये पूड होती, आणि एक छोटा निळा प्लास्टिकचा तुकडा. तो कशाचा, हे उस्तादांनाही अजून सांगता आलेलं नाही.